पाच टक्क्यांच्या अलीकडचे

रविवारी सकाळी पुण्याच्या आतेभावाचा निरोप आला. विधानसभेच्या निकालावर आमच्या भावकीच्या ग्रुपात अजूनही भांडणं निघतात, त्यातलंच हे एक. त्यानं लिहिलं होतं, "दादा, तुमच्या जर्मनीसारखी पाच टक्क्यांची अट इकडं लावली पाहिजे. ही सगळी फुटकळ दुकानं एका दिवसात बंद होतील. नुसती मतं खातात. सरकार स्थिर पाहिजे का नको?" खाली दहाबारा अंगठे. त्यातले तिघे तर सांगोल्यातच राहतात. शेतकरी कामगार पक्षाच्या आमदाराच्या तालुक्यात राहून तेच लहान पक्ष बुडवायला निघालेत, हे वाचून चहा तसाच ठेवला.

चौदा वर्षं जर्मनीतल्या येना शहरात काढल्यावर एक गोष्ट सहन होत नाही. इकडचं कुणी काही बघितलेलं नसतं, पण वादात हुकमाचं पान म्हणून जर्मनी टाकली जाते. म्हणून या अटीबद्दल, म्हणजे पाच टक्क्यांहून कमी मतं पडलेल्या पक्षाला पक्षाच्या मतांवर जागा मिळत नाहीत या नियमाबद्दल, इथं राहणाऱ्यानंच लिहावं.

येना ज्या राज्यात आहे त्या थ्युरिंगियात 1 सप्टेंबर 2024 ला मतदान झालं. लांडटागमध्ये, म्हणजे राज्याच्या विधानसभेत, 88 जागा. अतिउजवे आफडे 32, उजवीकडचे सेडेऊ 23, नवा बेएसवे 15, डाव्यांचे 12, सोशल डेमोक्रॅट एसपेडेचे 6. पाच टक्क्यांची वेस होती, ग्रीन आणि उदारमतवादी एफडेपे त्या वेशीबाहेर राहिले, आणि तरीही कुणाला बहुमत मिळालं नाही. आफडेबरोबर कुणी बसायला तयार नव्हतं. म्हणून सेडेऊ, बेएसवे आणि एसपेडे एकत्र आले. त्यांची बेरीज 44, बरोबर अर्धी. बेएसवे हा पक्ष त्याच वर्षी जानेवारीत जन्मलेला, आठ महिन्यांचं पोर, आणि त्याच्या हातात सरकारची चावी. त्यांनी युक्रेनच्या युद्धाबद्दल आणि शांततेबद्दल करारात काय लिहायचं यावर आठवडेच्या आठवडे घासाघीस केली. शेवटी शंभरावर पानांचा करार झाला आणि 12 डिसेंबरला मारिओ फोग्ट मुख्यमंत्री झाले, तेही विरोधी बाकांवरची मतं घेऊन. निकालापासून शंभरावर दिवस. महाराष्ट्रात 23 नोव्हेंबरला निकाल आणि 5 डिसेंबरला आझाद मैदानावर शपथविधी. बारा दिवस! त्या बारा दिवसांत आमच्या ग्रुपात "महाराष्ट्राची शोभा झाली" म्हणून केवढा आरडाओरडा झाला होता. इथं शंभर दिवस कुणी ओरडलं नाही. जुनं सरकार काळजीवाहू म्हणून चालत राहिलं, ट्राम वेळेवर येत राहिली.

शेजारच्या झाक्सन राज्यात तर सेडेऊ आणि एसपेडे मिळून 120 पैकी 51 आहेत. अल्पमताचं सरकार. कायद्याचा मसुदा आधी विरोधकांकडे पाठवून त्यांचं म्हणणं मागवायचं, अशी पद्धत त्यांनी स्वतःहून घालून घेतली. आमदारांना बसमध्ये घालून कुठल्या हॉटेलात न्यावं लागलं नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण मला त्याचा अभिमान वाटतो, आणि माझा देश हा नव्हे हेही मला ठाऊक आहे.

आता त्या अटीचं. 2019 साली थ्युरिंगियात एफडेपेनं पाच टक्क्यांची वेस 73 मतांनी ओलांडली. 73! पाच आमदार आले. पुढच्या फेब्रुवारीत त्याच पक्षाचा थॉमस केमेरिश आफडेच्या मतांवर मुख्यमंत्री म्हणून निवडून आला. राजधानी एर्फुर्टमध्ये लोक रस्त्यावर आले आणि तीन दिवसांत त्यानं राजीनामा दिला. त्या दिवशी अटीनं काय रोखलं? उलट 2025 च्या बुंडेस्टागला, म्हणजे इथल्या लोकसभेला, बेएसवे 4.98 टक्क्यांवर अडकला, दहा हजारांहून कमी मतांसाठी. पंचवीस लाखांच्या आसपास माणसांनी दिलेली मतं मोजून बाजूला ठेवली गेली. त्या पक्षाचं मला काही प्रेम नाही. पण मोजून बाजूला ठेवलेलं मत ही गोष्ट मला खुपते, आणि का खुपते ते पुढं येईल.

शिवाय माझ्या आतेभावाला ठाऊक नसलेली गोष्ट अशी, की इथं मतदाराला दोन मतं असतात. एक पक्षाला, एक आपल्या मतदारसंघातल्या माणसाला. झाक्सनमध्ये ग्रिम्मा नावाचं गाव आहे. तिथला माजी महापौर फ्राये वेलर या लहान पक्षाकडून उभा राहिला. त्याच्या पक्षाला राज्यात पाच टक्क्यांच्या निम्मीही मतं नाहीत, पण तो आपल्या भागातून निवडून आला आणि एकटा आमदार म्हणून बसला. त्याला कुणी काढलं नाही. दक्षिण श्लेस्विगच्या डॅनिश अल्पसंख्याकांच्या पक्षाला तर पाच टक्क्यांची अट लागूच नाही, आणि 2012 साली त्यांच्या तीन आमदारांमुळे श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याच्या राजधानीत, किलमध्ये, 69 पैकी 35 असं सरकार उभं राहिलं. ज्या देशानं ही अट घातली, त्यानंच लहान माणसांसाठी दारं ठेवली. आमच्याकडं अट पाहिजे आणि दारं नकोत.

सांगोल्याचंच बघा. शेकापला महाराष्ट्रात गेल्या तीन विधानसभांत दोन टक्क्यांच्या आतच मतं आहेत. 1978 ला याच पक्षाचे तेरा आमदार होते आणि शरद पवारांच्या पुलोदच्या सरकारात ते बसले होते. आता 288 मध्ये एक. डॉ. बाबासाहेब देशमुख, गणपतराव आबांचे नातू. पाच टक्क्यांच्या हिशोबात हा आमदार नाहीच. आणि "मतं खातात" म्हणाल तर 2024 ला सांगोल्यात मतं कुणी खाल्ली? शिंदेंच्या सेनेचे शहाजीबापू एका बाजूला, शेकाप दुसऱ्या बाजूला, आणि महाविकास आघाडीतल्याच ठाकऱ्यांच्या सेनेनं तिसरा उमेदवार उभा केला. मोठ्यानं लहानाची मतं खाल्ली, तरी लहान पंचवीस हजारांच्या वर मतांनी निवडून आला. उरणला हेच झालं, तिथं शेकाप दुसरा, ठाकऱ्यांची सेना तिसरी आणि जागा भाजपला. मत खाणारा कोण हे उमेदवारांच्या यादीत वरच्या नावावरून ठरवायचं का?

त्या निकालात लहान पक्षांचा जो चुराडा झाला तो आतेभावाच्या मनासारखाच होता. मनसेचे शंभरावर उमेदवार, एकही नाही. वंचित, एकही नाही. वसईच्या ठाकुरांचे तीन होते, तिन्ही गेले. अचलपूरला बच्चू कडू पडले. डहाणूला कम्युनिस्टांचे विनोद निकोले टिकले, मालेगावात एमआयएम 162 मतांनी टिकली. आणि मोठ्यांचं काय झालं तेही बघा. भाजप 132, बहुमताला 145. तेराच कमी. शिंदेंचे 57 आणि अजित पवारांचे 41, पण दोघांपैकी एक जण उठून गेला तरी सरकार पडत नाही. 2019 ला भाजप 105 वर होता तेव्हा सेनेचे 56 तोडता आले नाहीत म्हणून सरकारच हातचं गेलं. म्हणजे स्थिर सरकार हवं होतं ते मिळालं, आणि त्याबरोबर असे सोबती मिळाले ज्यांच्या नाही म्हणण्याला वजन नाही. समोर तर एकाही पक्षाकडं सभागृहाच्या दहाव्या हिश्शाएवढ्या जागा नाहीत. सर्वात मोठा विरोधी पक्ष वीस जागांचा. ही स्थिरता मला भीतिदायक वाटते. भावानं यावर उत्तर दिलं नाही, पुन्हा अंगठाच पाठवला.

माझ्या शेजारच्या आजी येनाच्या लोबेडा भागातल्या याच इमारतीत पन्नासेक वर्षं आहेत. डेडेएरच्या, म्हणजे कम्युनिस्ट पूर्व जर्मनीच्या, काळात मतदानाला जायचं म्हणजे कागदाची घडी घालायला जायचं, असंच लोक म्हणत, हे त्यांनी मला सांगितलं. यादी एकच. तिच्यात लहान पक्षही होते, त्यांच्या जागा आधीच ठरलेल्या, त्यांचं काम मान डोलवण्याचं. 18 मार्च 1990 ला पहिल्यांदा खरं मत दिलं तेव्हा त्या पन्नाशीच्या जवळ होत्या. 1 सप्टेंबरला खालच्या शाळेतून मतदान करून परत येताना त्यांनी मला जिन्यात विचारलं, "आणि तुमचं मत कुठं असतं?" मी म्हणालो, भारतात. त्या म्हणाल्या, "मग तिकडं जाता का?"

नाही जात. हेच मला इतका वेळ लिहायचं टाळायचं होतं.

20 नोव्हेंबर 2024, बुधवार. महाराष्ट्रात मतदान होतं आणि मी कामावर होतो. परदेशी राहणाऱ्या भारतीयाला मत देता येतं, पण स्वतः केंद्रावर जाऊन. तिकीट, रजा, मुलीची शाळा, कारणं भरपूर होती. त्याच वर्षी थ्युरिंगियात माझ्या घराचं, रस्त्याचं, मुलीच्या शाळेचं ठरत होतं. ज्या पक्षाला 32 जागा मिळाल्या त्याच्या सभेतल्या घोषणा मी ट्रामच्या थांब्यावरून ऐकलेल्या आहेत. त्यांच्या त्या 32 म्हणजे एक तृतीयांशापेक्षा जास्त, दोन तृतीयांश लागणारी कामं ते अडवू शकतात. माझ्यासारख्या माणसाच्या बाजूनं उभे होते ते सहा, बारा, पंधरा जागांचे लोक. मला तेव्हा लहान पक्ष देवासारखे वाटले. पण त्यांनाही माझं मत नव्हतं. एका वर्षात दोन निवडणुका, दोन्ही ठिकाणी मी शून्य. बेएसवेची मतं निदान मोजून बाजूला ठेवली. माझं मोजायलाही नव्हतं.

आणि सांगोल्याबद्दल मी एवढा तावातावानं बोलतो, तर आतेभावाच्या म्हणण्यातलं जे खरं आहे तेही मला ठाऊक आहे. आजोबांच्या घरावर लाल बावटा असायचा. आबा एसटीनं मुंबईला जातात, अकरा वेळा निवडून आले, हे आम्ही लहानपणी देवाच्या गोष्टींसारखं ऐकलं. तेरा दुष्काळी तालुक्यांसाठी आटपाडीच्या पाणी परिषदेत नागनाथ अण्णांबरोबर आबा उभे राहिले, वडील सायकलवरून त्या परिषदांना जायचे. पण पाणी यायला किती वर्षं लागली! टेंभू योजनेचं पाणी तालुक्यात पोचेपर्यंत आमची डाळिंबाची पहिली बाग वाळून गेली होती आणि मी इंजिनिअरिंगला पुण्याला गेलो होतो. विरोधी बाकावरचा आमदार स्वच्छ असतो, निधी कमी आणतो. माझे चुलते हेच म्हणायचे. 2019 ला शहाजीबापू 768 मतांनी निवडून आले त्यात आमच्या घरातली मतंही होती. भावकीत याचा उल्लेख कुणी करत नाही, म्हणून मी करतो. त्यांना गद्दार म्हणायची माझी छाती नाही. ते तहानलेले होते, आणि मी तर तालुकाच सोडून आलो.

2022 च्या जूनमध्ये बापूंचं गुवाहाटीहून केलेलं ते बोलणं फिरलं, "काय झाडी, काय डोंगर, काय हाटील". बर्लिनच्या एका मराठी कार्यक्रमात लोकांनी ते ठेका धरून म्हटलं. मी मधल्या रांगेत होतो. सत्ता अशी पळवून नेली जाते याचा मला संताप होता आणि आहे. तो फुटीचा प्रश्न अध्यक्षांच्या निकालापर्यंत यायला 10 जानेवारी 2024 उजाडलं. थ्युरिंगियात लांडटागच्या पहिल्याच बैठकीत गोंधळ झाला तर वायमारच्या न्यायालयानं दुसऱ्या दिवशी निकाल दिला. हा फरक मी विसरत नाही. पण त्या हॉलमध्ये लोक हसत होते ते पक्षफुटीला नव्हे, "हाटील"ला. ते "हाटील" माझ्या आईच्या तोंडचं आहे. मी असाच बोलत पुण्याला गेलो होतो आणि पहिल्या वर्षात बोलायचं बदललं होतं. परतीच्या गाडीत लाइपझिगपर्यंत मी कुणाशी बोललो नाही.

म्हणून आतेभावाचं "फुटकळ" मला लागलं. पाच टक्क्यांच्या अलीकडं कोण राहतं हे मला माहीत आहे. माणदेशी बोलणारे राहतात, ग्रिम्माचे राहतात, डहाणूचे वारली राहतात, आणि इथं या इमारतीत मी राहतो.

जर्मन नागरिकत्वाचा अर्ज मी भरून ठेवलाय. 2024 पासून यांची पहिला पासपोर्ट ठेवायला हरकत नाही, हरकत भारताची आहे. अर्ज दिला आणि मंजूर झाला की पुढच्या लांडटागला खालच्या शाळेत आजींबरोबर मी जाईन, आणि सांगोल्यात मत देण्याचा हक्क कायमचा जाईल. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर गावी कितीही दिवस राहता येतं, मत देता येत नाही. बायको म्हणते, गेल्या चौदा वर्षांत तिथं एकदाही दिलं नाहीत. खरं आहे.

मागच्या महिन्यात आईशी बोलत होतो. मतदार यादी तपासायला बीएलओ बाई घरी येऊन गेल्या म्हणाली. माझं नाव अजून तिथंच आहे, घर क्रमांकासकट. बाईंनी विचारलं, हे इथंच राहतात का? मी आईला म्हटलं, खरं ते सांगायचं होतंस, नाव काढून टाकतील. ती म्हणाली, "म्या कशाला सांगू? येतूय म्हणलं. द्राक्षाच्या टायमाला येतूय म्हणलं."