मामींचे 25 टक्के 8 कसे झाले

मामा गेले तेव्हा एमआयडीसीतल्या घरच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत त्यांचे 25 टक्के शेअर होते. ते वारसाने मामींच्या नावावर झाले. त्यानंतर चार वर्षं मामींना ना सभेची नोटीस, ना ताळेबंद. विचारलं की दीर म्हणायचे, "वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेता? आम्ही आहोत ना."

शेवटी मी एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) पोर्टलवर 100 रुपये भरून कंपनीचे कागद उघडले. नवे शेअर काढून दोघा दिरांनी आपसात वाटून घेतले होते. मामी 8 टक्क्यांवर आल्या होत्या.

पहिला सल्ला मिळाला तो असा: "10 टक्क्यांच्या खाली गेलात, आता काही होणार नाही." हे चूक आहे आणि ते ऐकून किती बायका गप्प बसल्या असतील, या विचाराने मला आजही चीड येते. कंपनीत अन्याय झाला तर एनसीएलटीकडे (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे) अर्ज कोण करू शकतं, हे सांगणारं कंपनी कायदा, 2013 चं कलम 244 नीट वाचा. 10 टक्के भांडवल ही एक वाट झाली. दुसरी वाट माणसं मोजते: 100 सभासद (म्हणजे शेअरधारक) किंवा एकूण सभासदांच्या एक दशांश, यांपैकी जे कमी असेल ते. तीनच सभासदांच्या कंपनीत एकट्या मामी पुरतात!

दोन्ही वाटा बंद असल्या तरी एनसीएलटी अट शिथिल करू शकते. टाटा सन्सच्या प्रकरणात, अध्यक्षपदावरून हटवलेल्या सायरस मिस्त्रींच्या गटाला 2017 साली अशी सूट अपिलात मिळाली होती. पुढे 26 मार्च 2021 ला सुप्रीम कोर्टात ते हरले, हेही खरं. संचालकपदावरून काढलं, एवढ्यावर दडपशाही सिद्ध होत नाही. पण सभासदाला अंधारात ठेवून त्याचा हिस्सा घटवणं ही वेगळी गोष्ट आहे.

कलम 241 खाली अर्ज सिद्ध झाला तर एनसीएलटी संचालक हटवू शकते, कारभाराला शिस्त लावू शकते, तुमचे शेअर विकत घ्यायला लावू शकते. दिवाणी कोर्टात या तक्रारी चालत नाहीत, तिथे वर्षं घालवू नका.

नातेवाईक म्हणाले, घरचं भांडण चव्हाट्यावर कशाला? मामींनी ऐकलं नाही. मुंबईत एनसीएलटीत अर्जाच्या पहिल्या सुनावणीला त्या मामांची जुनी शेअर सर्टिफिकेटं कापडी पिशवीत घालून आल्या आणि दिवसभर ती पिशवी त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही.