आराखडा माझा, कारभार उन्हाचा

नागपुरात घरापुढे बाग करायची असेल तर मे महिन्यात भर दुपारी अंगणात अनवाणी उभं राहावं आणि कुठे पाय भाजत नाहीत ते बघावं. तेवढीच आपली बाग. २३ मे २०१३ ला इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्या दिवशी आमच्या अंगणात अशी जागा शोधली असती तर फक्त कूलरखाली सापडली असती.

माझा आराखडा मात्र मोबाइलवरचे व्हिडिओ बघून तयार झालेला. मधोमध लॉन, कडेने हायड्रेंजिया, कोपऱ्यात छोटासा धबधबा. घरच्यांनी तो कौतुकानं पाहिला आणि लगेच आपापला हिस्सा मागितला. आईला कढीपत्ता आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. मुलाला लॉनवर स्टंप ठोकायचे होते. बायकोला मोगरा, तोही खिडकीखाली, कूलरला खेटून. धबधब्याबद्दल आई एवढंच म्हणाली, "बाप्पा, आधी नळाला तर धार येऊ दे!"

मग माती. विदर्भाच्या काळ्या मातीवर कापूस खूश असतो, कारण त्याला तिच्यात खुरपं चालवावं लागत नाही. पावसात ती फुगते आणि चपलांना चिकटून माणसाची उंची वाढवते. उन्हाळ्यात आक्रसते, मग तिला अशा भेगा पडतात की मुलाचा चेंडू काढायला चिमटा लागतो. उपाय एकच, वाळू आणि शेणखत मिसळणं. शेणखताची ट्रॉली दारात रिकामी झाली आणि अख्खी गल्ली तज्ज्ञ झाली. एकानं मूठभर उचलून वास घेतला (स्वखुशीनं!) आणि निकाल दिला, "कच्चं आहे. हुमणी अळी लागते."

नर्सरीत हायड्रेंजिया मागितल्यावर नर्सरीवाल्यानं आधी मला सावलीत बसवलं.

"भाऊ, ते थंड हवेचं झाड. इथं एप्रिलमधीच करपते. बोगनवेल घ्या न, मरतच नाही."

नागपूरच्या नर्सरीत याहून मोठं प्रशस्तिपत्रक नाही. रंग, वास, रूप सगळं नंतर. कण्हेर मरत नाही, सदाफुली मरत नाही. बोगनवेल तर इतकी मानी, की लाडानं रोज पाणी घातलं तर नुसती पानं काढते आणि दुर्लक्ष केलं की फुलते. आमच्या घरात तिला फुलायला काहीच अडचण आली नाही.

एवढ्यात काटोलचे मामा आले. नागपुरात घर आणि दारात संत्रा नाही, हे त्यांना सहन होईना. त्यांनी जंबेरी नावाच्या लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरलेली कलम आणली आणि सांगितलं, "दोन झाडांत सहा मीटर सोडजो." सहा मीटर मोजत गेलो तर मी शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात पोचत होतो, त्यामुळे एकच लावली. "डोळ्याखालचे फुटवे काढत जा, नाहीतर जंबेरी वर येते," असंही मामा बजावून गेले. फुटवे काढायचं काम मुलाकडे दिलं. त्यानं डोळ्याखालचं सगळं जपलं आणि वरचं छाटलं. आता दारात काटेरी, धट्टीकट्टी जंबेरी आहे. मामा फोनवर संत्र्याची चौकशी करतात, तेव्हा आम्ही "झाड जोरात आहे" एवढंच सांगतो. खोटं काय आहे त्यात?

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक दिवस, लागला तसा कूलर आणि लॉन यांच्यात पाण्यावरून वाद पेटला. घरात मतदान झालं आणि कूलर बिनविरोध निवडून आला. लॉनवर हिरवी नेट ताणली. काही दिवसांनी त्या जागेत हिरवं म्हणून नेटच उरली. मोगऱ्याला मात्र दिवसरात्र कूलरचं गळकं पाणी मिळालं आणि तो भरभरून फुलला. बायको त्याबद्दल काही बोलली नाही. रोज संध्याकाळी गजरा माळून माझ्यासमोरून दोनदा गेली, बस.

पाऊस पडला आणि लॉनच्या जागेवर एकसारखी हिरवळ उगवली. मी फोटो काढेपर्यंत आई विळी घेऊन खाली बसली होती. सगळा तरोटा! कोवळा आहे तोवर भाजी करायची म्हणून तिनं लसूण सोलायला घेतला. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या काकूंचा आवाज आला, "काहो, तुमच्या लॉनची एक जुडी देता का?"