म्हणे पाचोळा पेटवलाय!

थंडी पडली रे पडली, की आमच्या गल्लीत सकाळी साडेसहाला धूर सुरू. म्हणायला पाचोळा. जवळ जाऊन बघा: दुधाच्या पिशव्या, थर्माकोलच्या ताटल्या, कुणाची तरी तुटकी चप्पल. गार हवेत तो धूर वरही जात नाही, खालीच साचतो आणि थेट आईच्या खोलीत शिरतो. मग तिचा पंप, वाफ, पुन्हा पंप. उभ्या आयुष्यात विडीला हात लावला नाही तिनं. डॉक्टर म्हणाले, "चुलीवर स्वयंपाक करायचात का?" करायची की, वीस वर्षं! एका धुरातून सुटली, दुसऱ्यात अडकली.

सांगायला गेलं की उत्तर ठरलेलं: "काका, पाच मिनिटांत विझतंय." अरे बाबा, धुरातले पीएम २.५ म्हणतात ते अतिबारीक कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढे. फुप्फुसात खोल बसतात, हृदयालाही सोडत नाहीत. प्लॅस्टिक असं धुमसलं की वर डायॉक्सिन नावाचं विष. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१३ मध्येच प्रदूषित हवेला तंबाखूच्या पंगतीत बसवलं. हरित लवादानं २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला पाच हजारांचा दंड सांगितला. (पावती फाडलेली मी तरी अजून पाहिली नाही.)

काल सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. तीन अंगठे आले, आणि एका शहाण्याचं उत्तर: "डास तरी पळतात."

डास!