टोकियो अंधारात गेलं ते ओसाकाच्या आपमतलबीपणामुळे नव्हे

पुतणी नववीत आहे. काल तिच्या प्रकल्पवहीतलं एक पान वाचलं आणि डोकंच फिरलं. मार्च 2011च्या भूकंप-त्सुनामीनंतर टोकियोत लोडशेडिंग झालं, ते म्हणे ओसाकाकडच्या कंपन्यांनी हातात वीज असून दिली नाही म्हणून! व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर पोरीने जसाच्या तसा उतरवला होता.

धादांत खोटं आहे हे. जपानात पूर्वेला 50 हर्ट्झची वीज चालते, पश्चिमेला 60ची (विजेचा प्रवाह सेकंदाला किती आवर्तनं घेतो तो हा आकडा, म्हणजे तिची फ्रिक्वेन्सी). एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जनित्रं जर्मनीहून आणली, ओसाकाने अमेरिकेहून, आणि फुजी नदीच्या आसपास जी हद्द पडली ती आजही आहे. पलीकडची वीज अलीकडे आणायची तर आधी तिची फ्रिक्वेन्सी बदलावी लागते. तेव्हा ते करणारी केंद्रं होती तीन, सगळी मिळून क्षमता सुमारे 1,000 मेगावॅट. टोकियोला कमी पडत होते 10,000च्या आसपास. ओसाकाने कितीही मन मोठं केलं असतं, तरी त्या वाटेने याहून जास्त वीज येणारच नव्हती. पुतणीला घरचा मिक्सर उलटा करून दाखवला, तळाशी 50 हर्ट्झ छापलंय. भारतभर हाच आकडा, म्हणून ही अडचण आपल्याला सुचतच नाही.

त्याच मजकुरात, त्सुनामीमुळे फुकुशिमाच्या अणुवीजकेंद्रात झालेल्या अपघातावरून, 'किरणोत्साराने वीस हजार मेले' असंही आहे. त्या साऱ्या आपत्तीत मृत आणि बेपत्ता मिळून साडेअठरा हजारांच्या घरात होते, पण बहुतेक त्सुनामीत गेलेले. बुडालेल्या माणसांचा आकडा असा भलतीकडे चिकटवायला लाज वाटायला हवी होती.

'फक्त अणुवीज बंद पडली' हेही चूक. हारामाचीचं कोळशावरचं वीजकेंद्र लाटेने मोडलं, सेंदाईचं गॅस टर्मिनल पाण्याखाली गेलं, इचिहाराच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात गॅसच्या टाक्या दहा दिवस जळत होत्या.

'कंपनीने धोका दडपला' (कंपनी म्हणजे फुकुशिमाचं केंद्र चालवणारी टेपको) यात मात्र तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. जपानी संसदेच्या स्वतंत्र चौकशी आयोगाने 2012 साली फुकुशिमाच्या अपघाताला मानवनिर्मित म्हटलं. 2008मध्ये कंपनीच्या स्वतःच्याच हिशेबात 15.7 मीटरपर्यंतची लाट निघाली होती. तरी बाहेरची वीज गेल्यावर अणुभट्ट्या थंड ठेवायला लागणारी बहुतेक डिझेल जनित्रं तळघरातच राहिली.