एस्सिटालोप्रामवाला तो फॉरवर्ड अर्धाच खरा
राजबाड्याकडच्या आपल्या मंडळींच्या ग्रुपवर कालपासून फिरतंय की एस्सिटालोप्राम म्हणजे झोपेचीच गोळी, सवय लागते, आजच बंद करा. अहो, नाही! ती नैराश्य आणि घबराटीवरची गोळी आहे, झोपेची नाहीये, नशेसारखी तलबही लागत नाही, पण एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके येऊ शकतात म्हणून डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. असर यायला 2 ते 4 आठवडे लागतात, मळमळ बहुतेक आधीच होते, तिथेच लोक कंटाळतात. खरी काळजी वेगळीच, पंचविशीच्या आतल्यांना सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, घरच्यांनी लक्ष ठेवायचं. आणि ट्रामाडॉल किंवा आयब्युप्रोफेन या दुखण्यावरच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरला आधी सांगा, फॉरवर्डमध्ये हे कुठेच नाहीये.