आडनाव काय?

दिवाळी अंकासाठी मराठीत सायबरपंक दीर्घकथा (म्हणजे तंत्रज्ञान पुढे गेलेलं, पण माणसं तशीच पिचलेली दाखवणारी विज्ञानकथा) लिहिता येईल का, यावर रुपारेल कॉलेजच्या आमच्या जुन्या ग्रुपवर आठवडाभर जुंपली आहे. एका गटाला हे सगळं उसनं वाटतं. निऑनचे दिवे आणि डोक्यात बसवलेल्या चिपा आपल्याकडे कुठे शोभणार? दुसरा गट म्हणतो, लालबागच्या पुलावरून रात्री फोटो काढा. खाली चाळ, वर टॉवर, झालं की सायबरपंक.

मी राहते व्हँकुव्हरला. विल्यम गिब्सनने ‘न्यूरोमॅन्सर’ (१९८४) ही सायबरपंकची गाजलेली कादंबरी याच शहरात लिहिली, तीही टाइपरायटरवर. तेवढ्यावर ग्रुपमध्ये मला जाणकाराचा मान मिळतो.

फोटोवाल्यांचं मला पटत नाही. इथेही हेस्टिंग्ज स्ट्रीटच्या फुटपाथवर माणसं झोपतात आणि थोडं पुढे काचेचे टॉवर उभे आहेत. असला देखावा लांबून बघणाऱ्यालाच भावतो, आणि मीही आता लांबचीच. मला या कथांमध्ये धरून ठेवतं ते वेगळंच: तुमची माहिती कुणाच्या हातात आहे? व्हर्नर विंजीच्या ‘ट्रू नेम्स’ (१९८१) या लघुकादंबरीत हॅकर टोपणनावाने वावरतात, कारण खरं नाव कळलं की माणूस दुसऱ्याच्या मुठीत. नायकाचं नाव सरकारला कळतं, आणि गोष्ट तिथून सुरू होते.

ती वाचताना मला दलित साहित्यातले कथाकार बाबूराव बागूल आठवले. त्यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा १९६३ची, म्हणजे विंजीच्या अठरा वर्षं आधीची. त्यात कॉम्प्युटर नाही. नोकरीच्या गावी जात लपवून राहणारा तरुण आहे, आणि जात उघड झाल्यावर त्याला बसलेला मार आहे. उसनं म्हणणाऱ्यांनी ही कथा पुन्हा काढून वाचावी.

इथे घर भाड्याने घेताना माझ्या आडनावाशी कुणाला देणंघेणं नव्हतं. क्रेडिट स्कोअर, म्हणजे पैसे वेळेवर फेडण्याच्या सवयीचा आकडा मागितला, आणि तो माझ्याकडे नव्हताच. जन्मभर वेळेवर भरलेली बिलं मुंबईतच राहिली. खूप चिडले, पण भांडणार कुणाशी, आकड्याशी? दीड वर्षात तो आकडा तयार झाला. दादरला घर शोधणाऱ्या माझ्या मैत्रिणीला एजंटने पहिला प्रश्न विचारला, “आडनाव काय?” दुसरा, “नॉनव्हेज खाता?” ती त्याच्याशी तोंडावर भांडली. घर मिळालं नाही. आडनावाला दीड वर्षाची मुदत नसते.

आता मुंबईत आडनाव आणि आकडा दोन्ही एकत्र आलंय. परळला भावाच्या सोसायटीत घरकामाच्या ताई गेटवर कोड सांगतात आणि वहिनीच्या (तीही रुपारेलचीच) फोनवर टिंग वाजतं. ताई कधी आल्या, आणखी कुणाकडे काम करतात, लोकांनी त्यांना किती स्टार दिले, सगळं सोसायटीच्या ॲपवर. वहिनीला किती स्टार, हे ताईंना कुठेच दिसत नाही. खाडे कोण कापतं, चहाचा कप वेगळा कोण ठेवतं, याची नोंद नाही.

मी ग्रुपवर लिहिलं, दीर्घकथा इथून सुरू करा. नायिका ताईंची मुलगी, बीएस्सी आयटीच्या दुसऱ्या वर्षाला. ती अख्ख्या सोसायटीची उलटी नोंद ठेवायला लागते, फ्लॅट नंबरासकट.

वहिनीने अजून उत्तर दिलेलं नाही. तिने वाचलंय, एवढं मला इथून दिसतं.