काका, मात्रेचं म्हणणं बरोबर आहे, पण ॲलर्जी मात्रेवर थांबत नाही

काका, नमस्कार. तुमची कमेंट नीट वाचली, आणि चार ओळींत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून इथे वेगळं लिहायला बसले. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शाम्पू, फेसवॉश, हेअर डाय, वाइप्स यांतल्या खाज-पुरळ आणू शकणाऱ्या घटकांवर मी मागे लिहिलं होतं, त्यावर काकांचं म्हणणं की मी लोकांना उगाच घाबरवतेय. काका साबण-शाम्पूच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते, आता रिटायर झालेत. ते म्हणतात प्रत्येक घटकाला मर्यादा ठरवून दिलेली असते आणि ती पाळली जाते, मात्रा कमी असली की अपाय नाही, कोट्यवधी लोक रोज वापरतात त्यांना काय झालं? आणि असले लेख वाचून त्यांच्या सूनबाईंनी घरातल्या चांगल्या बाटल्या टाकून 'केमिकल फ्री' लिहिलेला महागडा माल आणला, तर मान आणि कानामागचा भाग अजूनच लाल झाला. शेवटी विचारलंय, "मग आता नातवाला पुसायचं कशाने तेही सांगा."

सूनबाईंपासूनच सुरू करते, कारण तिथे आपलं एकमत आहे. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात काय छापलंय ते बघून माल घेऊ नका हे मी पहिल्यापासून सांगतेय. लव्हेंडर, टी ट्री, संत्र्याच्या सालीचं तेल ही सगळी झाडापासूनच येतात आणि तरी त्यांची ॲलर्जी असणारे भरपूर लोक आहेत. यातल्या बऱ्याच तेलांत लिनालूल नाहीतर लिमोनीन नावाचे सुगंधी घटक असतात, ते ताजे असताना फारसा त्रास देत नाहीत, पण बाटलीत हवा जात राहिली की ऑक्सिजनशी संयोग होऊन त्यांचं जे बनतं त्याची ॲलर्जी पटकन होते, म्हणजे कपाटात वर्षभर अर्धी पडलेली तेलाची बाटली नव्या बाटलीपेक्षा जास्त त्रास देऊ शकते. लिंबू तर वेगळ्याच कारणाने त्रास देतं, उन्हाबरोबर. चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात गेल्यावर काळपट डाग पडलेल्या मुली आमच्या मेडिकलच्या काउंटरवर येतात आणि क्रीम मागतात, लिंबावर कुणाला संशयच येत नाही कारण ते घरचं.

आता तुमचा मर्यादेचा मुद्दा. याला माझ्याकडे एकच उदाहरण आहे पण ते मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. तुम्ही कारखान्यात होतात, तुम्हाला मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे नाव माहीत असणारच, आपण एमआय म्हणू. हे प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे माल नासू नये म्हणून घालतात ते. १९८०च्या दशकापासून ते त्याच्या क्लोरीनवाल्या भावाबरोबर, म्हणजे तशाच पण क्लोरीन असलेल्या घटकाबरोबर, मिसळून वापरलं जायचं, तीन भाग तो आणि एक भाग हे, आणि युरोपात त्या मिश्रणाची मर्यादा होती १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५ भाग). म्हणजे एमआय जेमतेम ४ पीपीएम. ॲलर्जी मुख्यतः त्या भावाची असं समजून २००५ साली युरोपने एकट्या एमआयला परवानगी दिली आणि मर्यादा ठेवली १०० पीपीएम, म्हणजे आधीच्या जवळजवळ पंचवीस पट. टक्क्यांत बघाल तर ०.०१, ऐकायला काहीच नाही. त्याच सुमाराला, २००४ साली, स्तनाच्या गाठींत पॅराबेन (हेही प्रिझर्व्हेटिव्हच) सापडल्याचा एक अभ्यास गाजला होता, त्यात पॅराबेनने कॅन्सर होतो असं काही सिद्ध झालेलं नव्हतं, पण गिऱ्हाईक घाबरलं आणि कंपन्यांनी बाटलीवर 'पॅराबेन फ्री' छापायला सुरुवात केली. प्रिझर्व्हेटिव्ह काढलं तर शाम्पू नासतो, मग त्या जागी दुसरं काहीतरी घालायला लागतंच, आणि ते बऱ्याच ठिकाणी एमआय होतं.

पुढे काही वर्षांत युरोपातल्या स्किन क्लिनिकमध्ये एमआयची ॲलर्जी निघालेले पेशंट भराभर वाढले. बायांच्या चेहऱ्यावर पुरळ, बाळाला वाइप्सने पुसणाऱ्या आयांच्या बोटांवर पुरळ, ओल्या टिश्यूने शी पुसणाऱ्या मोठ्या माणसांना त्या जागी. २०१३ साली अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिसच्या (कशाचा तरी स्पर्श होऊन उठणाऱ्या पुरळाच्या) डॉक्टरांच्या सोसायटीने एमआयला 'ॲलर्जन ऑफ द इयर', म्हणजे ॲलर्जी आणणारा त्या वर्षीचा ठळक घटक, ठरवलं. त्याच वर्षी युरोपच्या वैज्ञानिक समितीने सांगितलं की अंगावर राहणाऱ्या क्रीम-लोशन-वाइप्समध्ये याची सुरक्षित अशी कुठलीच मात्रा दाखवता आलेली नाही. २०१७ साली अशा वस्तूंत ते बंद झालं, आणि धुऊन टाकायच्या वस्तूंसाठी २०१८ पासून मर्यादा १०० वरून १५ पीपीएमवर आली. आणि पॅराबेन? त्याच अमेरिकन सोसायटीने २०१९ साली त्यांना 'नॉन-ॲलर्जन' ठरवलं, कारण इतकी वर्षं इतकं वापरूनही त्यांची ॲलर्जी फार कमी निघते.

आता यातून तुम्ही म्हणाल बघा, घाबरल्यामुळेच घोटाळा झाला, आणि ते खरंच आहे. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे ना काका, त्या सगळ्या कंपन्या मर्यादेच्या आतच होत्या. तुमच्यासारख्याच कुणीतरी प्रत्येक बॅच तपासून सही केली असणार आणि ती सही बरोबरच होती. मर्यादा त्या वेळी जे माहीत होतं त्यावर ठरली, आणि पुढचं माहीत झालं ते ज्यांच्या अंगावर उठलं त्यांच्यामुळे. त्या लोकांनी डॉक्टरकडे जाऊन पॅच टेस्ट (पाठीवर घटकांच्या पट्ट्या लावून ॲलर्जी कशाची ते बघणं) करून घेतल्या, बाटल्या दाखवल्या, म्हणून नियम बदलला. गप्प बसले असते तर १०० पीपीएमच सुरू राहिलं असतं.

मात्रेचं म्हणाल तर एका प्रकारच्या त्रासाला ते शंभर टक्के लागू आहे. एसएलएस घ्या, म्हणजे सोडियम लॉरिल सल्फेट, शाम्पूत फेस आणणारं. त्वचेवर मुद्दाम इरिटेशन आणून अभ्यास करायचा असला की त्वचेचे डॉक्टर बहुतेक वेळा हेच वापरतात, इतका त्याचा परिणाम ठरलेला आहे, जास्त तीव्र आणि जास्त वेळ ठेवलं की जवळपास कुणाचीही कातडी कोरडी होऊन लाल होते. तेच शाम्पूतून डोक्याला लागून मिनिटभरात धुऊन गेलं तर बहुतेकांना काही होत नाही. पण इथे मात्रा म्हणजे नुसती बाटलीतली टक्केवारी धरून चालत नाही, किती वेळ आणि दिवसातून कितीदा हेही त्यातच येतं. भांडी, धुणं, फरशी, बाळाचं सगळं करणाऱ्या बाईचे हात दिवसभर साबणात असतात, तिच्या अंगठीखाली फेस अडकून राहतो आणि बरोबर तेवढंच गोल कड्यासारखं पुरळ उठतं, तिला वाटतं सोनं सोसत नाही.

टिकलीचंही असंच. टिकलीच्या गोंदात पॅरा टर्शरी ब्युटिलफिनॉल नावाचा घटक असू शकतो, तो त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना मारतो, आणि टिकलीने कपाळावर पांढरे डाग पडल्याचं अलाहाबादच्या डॉक्टरांनी १९९० सालीच छापून आणलेलं आहे. गोंद किती असतो हो टिकलीला? पण त्याच जागी, रोज, सकाळपासून रात्रीपर्यंत, वर्षानुवर्षं. आमच्याकडे एक बाई यायच्या, नेहमीपेक्षा मोठी टिकली, जरा वर सरकवून लावलेली, खालून पांढरी कड दिसायची. घरात सगळ्यांनी कोड धरून चालायला सुरुवात केली होती, धाकट्या मुलीचं लग्न ठरायचं होतं म्हणून डॉक्टरकडेही जाऊ देत नव्हते. अशा बाईला "गोंदाने पण होतं हे, टिकली बंद करा आणि स्किनवाल्यांना दाखवा" एवढं वाक्य कुणीतरी सांगायला नको का? याला घाबरवणं म्हणायचं असेल तर म्हणा.

आणि दुसरा प्रकार ॲलर्जीचा, तिथे तुमचं मात्रेचं गणित तसं चालत नाही. एकदा शरीराने एखाद्या घटकाला शत्रू म्हणून ओळखलं की मग अगदी थोडासाही पुरतो, आणि ती ओळख बहुधा जन्मभर राहते. हेअर डायमधलं पीपीडी (पॅराफेनिलीनडायअमाइन, केस काळे करणारा घटक) हे आपल्याकडचं सगळ्यात ठळक उदाहरण. दहा-दहा वर्षं तोच डाय लावणाऱ्या माणसाला अकराव्या वर्षी पापण्या सुजून डोळे उघडता येत नाहीत अशी वेळ येते, आणि घरचे ठामपणे सांगतात, डाय नसणार हो, तो तर नेहमीचाच आहे. नेहमीचाच असतो म्हणून तर होतं. शिवाय टाळूची कातडी जाड, तिथे कधीकधी फारसं दिसतच नाही, उठतं ते पापण्यांवर, कानांवर, मानेवर, केसांच्या कडेला, त्यामुळे डोळे आले म्हणून ड्रॉप न्यायला येतात.

पाकिटावर काय लिहिलंय ते कधी पूर्ण वाचलंय का कुणी? आपल्या कायद्याप्रमाणे इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत सूचना छापावी लागते: कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थोडा डाय लावून वाळू द्या, २४ तासांनी धुऊन बघा, आणि हे प्रत्येक वेळी लावण्याआधी करा. भुवया-पापण्यांना तर लावूच नका, आंधळेपण येऊ शकतं असं त्यातच लिहिलेलं असतं. पण ते असतं घडी घातलेल्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरात, आणि पाकीट नेणारा उद्याच्या लग्नासाठी आज रात्री नेत असतो. वर ॲलर्जी उमटायला कधीकधी दोन-तीन दिवस लागतात, म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगते की लग्नाच्या आठवडाभर आधी टेस्ट करा. काळी मेंदी म्हणून जे मिळतं तेही उलटून वाचा, नुसती मेंदी लालसर-तपकिरी रंगते, अर्ध्या तासात काळंभोर होत असेल तर बहुतेक वेळा त्यात पीपीडी असतं. आणि 'पीपीडी फ्री' वर पण विसंबू नका, त्यात टोल्युइन डायअमाइन हा डायमधलाच दुसरा घटक निघाला तर पीपीडीवाल्यांपैकी बऱ्याच जणांना त्यानेही उठतं.

कोट्यवधी लोकांना काही होत नाही हे खरंच आहे आणि ते मी मागच्या लेखातही लिहिलं होतं, ज्यांना त्रास नाही त्यांनी एकही बाटली बदलायची गरज नाही. माझं सगळं लिहिणं ज्याच्या अंगावर उठलंय त्याच्यासाठी आहे, कारण तो माणूस काय करतो ते मी रोज बघते. तो गजकर्ण समजून ट्यूब मागतो. तीही कुणीतरी सांगितलेली, स्टेरॉइड, अँटिफंगल आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली. दोन दिवसांत लाली बसते, तो खूश होतो, शाम्पू तोच चालू, आठवड्यात परत उठतं, परत ट्यूब, असं करत मानेची कातडी पातळ होऊन शिरा दिसायला लागतात. चिठ्ठीशिवाय देत नाही म्हटलं तर पुढच्या दुकानातून आणतो. त्याला बाटलीवरचं एक नाव नेमकं कळलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं, आणि तुम्ही मला सांगताय की नावं सांगू नका.

तर सूनबाईंसाठी. मान आणि कानामागे म्हटलं की मला आधी केसांतून खाली ओघळणाऱ्या गोष्टी आठवतात, शाम्पू, कंडिशनर, डाय, केसांचं सुगंधी तेल, मग परफ्यूम. त्यांना सांगा दोन-तीन आठवडे वासाचं सगळं बंद ठेवा, नवं-जुनं दोन्ही, आणि मग एकेक वस्तू परत सुरू करा, एकदम चार नको. अंगावर ठेवायचं क्रीम किंवा तेल असेल तर आठवडाभर कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा लावून बघता येतं. शाम्पू किंवा डाय असा लावून ठेवू नका, त्याने चांगल्या कातडीलाही त्रास होईल. तरी उठत राहिलं तर मेडिकल कॉलेजच्या स्किन ओपीडीत पॅच टेस्टची चौकशी करा, त्यासाठी भारतातली ठरावीक घटकांची इंडियन स्टँडर्ड सिरीज आहे, पाठीवर पट्ट्या लावतात, दोन दिवसांनी काढतात आणि परत एक-दोन दिवसांनी बघतात, म्हणजे पाठ भिजवायची नाही. जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या किंवा मागच्या बाजूचे फोटो न्या. बऱ्याच बाटल्यांवर सुगंधासाठी नुसतं 'परफ्यूम' एवढंच लिहिलेलं असतं, आत काय ते कळत नाही. युरोपात २००५ पासून २६ सुगंधी घटक ठरावीक मात्रेवर असले की नावानिशी लिहावे लागतात, आणि २०२३ च्या नियमाने ती यादी ऐंशीच्या वर गेलीय. आपल्याकडेही हे व्हावं असं मला मनापासून वाटतं, आणि तुमच्यासारख्या आतल्या माणसांनी ते मागितलं तर त्याला वजन येईल.

नातवाला घरी असताना कोमट पाणी आणि सुती फडकं, चिकटलेलं असेल तर थोडं खोबरेल बोटावर घेऊन, मग हलक्या हाताने टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही. बाहेर जाताना वाइप्स न्या, फक्त मागे मिथाइलआयसोथायाझोलिनोन लिहिलेलं नाही आणि वास नाही असे, आणि घरी आल्यावर पाण्याने धुवा. डायपरची नुसती आग असेल तर लाली फुगीर भागावर असते आणि मांड्यांच्या घड्या मोकळ्या असतात, तिथे झिंक ऑक्साइडचं साधं क्रीम आणि दिवसातून थोडा वेळ उघडं ठेवणं पुरतं. घडीच्या आतच लाल असेल आणि भोवती छोटे छोटे ठिपके उठले असतील तर ते बहुधा फंगल असतं, मग वाइप्स बदलून उपयोग नाही, मुलांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि मोठ्यांची ट्यूब त्याला लावू नका.